चार बोटं आखूड

लवू घाडीने आयुष्यात खरी बंदूक हातात धरलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलुंडला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत त्याचा जो गाळा आहे, त्याच्या भिंतीवर चोवीस रायफली टांगलेल्या असतात आणि पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. सगळ्या खोट्या. अ‍ॅल्युमिनियम, फायबर, थोडं सागवान. नळी आतून बुजवलेली, घोडा ओढला तर नुसतं टक्. दारामागे पोलीस स्टेशनच्या शिक्क्याचं पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून लटकवलंय, ते तो कुणी विचारायच्या आत दाखवतो. सिनेमावाले, सिरियलवाले आणि आता वेब सिरीजवाले त्याच्याकडून हा माल शूटिंगला नेतात.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेले ती कुकरचा दांडा घेऊन. दांडा त्याने पाच मिनिटांत बसवला आणि मी तिथे दीड तास थांबले. तेहेतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्यावर प्रश्न विचारायची खोड जात नाही, आणि लवूला उत्तरं द्यायची हौस. त्याची मोठी बहीण माझी विद्यार्थिनी निघाली, तेव्हापासून तो मला ‘बाई’ म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. वय त्याचं अठ्ठावन्न.

वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा लवू पंधरा वर्षांचा. शाळा सुटली. मामाच्या ओळखीने मुलुंडला पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात लेथवर लागला. पुढे तोही कारखाना इथून उठला. त्याच सुमाराला कुठल्याशा आर्ट डायरेक्टरला तातडीने सहा बंदुका हव्या होत्या आणि त्याचा सुतार तापाने पडला होता. लवूने लेथवर नळ्या कातून दिल्या, लाकूडकाम एकाकडून करून घेतलं, आणि बायकोने, नलिनीने, त्याला असा काही रंग चढवला की सेटवरचा वॉचमन त्या सहा बंदुकांपासून लांब उभा राहिला म्हणे. नवी बंदूक जुनी करणं हे नलिनीचं खातं. गंज, घामाचे डाग, पट्टा घासून उडालेला रंग, सगळं ती ब्रशने आणते.

‘लवूचा माल मापाचा,’ असं त्या लाइनीत म्हणतात. तो स्वतः हे कधी म्हणत नाही, पण दुसऱ्या कुणी म्हटलं की लगेच चहा मागवतो. आणि माप घ्यायची त्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. त्याला खरी बंदूक मिळणार कुठून? मासिकातला किंवा इंटरनेटवरचा फोटो घ्यायचा, त्यात जगभर एकाच मापाची असणारी एखादी वस्तू शोधायची, टेबलावर पडलेला बॅटरीचा सेल म्हणा, गोळी म्हणा, आणि तिच्यावरून बाकी सगळ्याचं त्रैराशिक मांडायचं. आठवीत शाळा सुटलेला माणूस. माझ्या एमएस्सीच्या पोरांना हे सुचलं नसतं.

तर गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी मी बाल्कनीच्या ग्रिलचं कुलूप घेऊन गेले. लवू स्टुलावर बसला होता, मांडीवर त्याची एक आखूड नव्या पद्धतीची रायफल, ज्याला कार्बाईन म्हणतात ती, आणि हातात एक सुरा.

“बसत नाही, बाई,” तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“काय बसत नाही?”

“बायनेट.”

संगीन! मला वाटलं होतं संगिनी वगैरे इतिहासजमा झाल्या. लवू म्हणाला, नाही, नव्या कार्बाईनलासुद्धा लावायची सोय असते. कुठल्याशा वेब सिरीजचा शेवटचा भाग गुरुवारपासून मढच्या एका बंगल्यात शूट होणार होता. त्यात हिरोच्या गोळ्या संपतात, तो कमरेच्या म्यानातून संगीन उपसतो आणि कॅमेऱ्यासमोर, न तोडता एकाच शॉटमध्ये, ती रायफलीला लावतो. दिग्दर्शकाने, ओजस त्याचं नाव, धार मोडलेली एक संगीन नमुना म्हणून पाठवली होती. तशा चोवीस करून हव्या होत्या. एक ताठ, बाकीच्या रबराच्या पात्याच्या, कुणाला लागू नये म्हणून.

“बघू,” म्हणून मी ती हातात घेतली. मला वाटायचं, संगीन म्हणजे नळीच्या तोंडात खुपसत असतील. तसं नव्हे. मुठीच्या पुढच्या अंगाला, पातं सुरू होतं तिथे, एक कडं असतं. ते नळीच्या टोकावर चढतं. आणि मुठीच्या मागच्या अंगाला एक खाच असते, तिच्यात स्प्रिंगचा खटका. नळीच्या खाली, टोकापासून वीतभर मागे, एक खुंटी असते. कडं टोकावर चढवून संगीन मागे दाबली की खाच खुंटीवर बसते, खटका पडतो, संपलं. दोन ठिकाणी धरलेली वस्तू हलत नाही. एका ठिकाणी धरलेली झुलते. दाराला दोन बिजागऱ्या असतात त्या उगीच नाही.

लवूच्या कार्बाईनवर खटका खुंटीवर छान पडत होता. पण कडं हवेतच. नळी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. संगीन खाली मान घालून लोंबत होती.

“नमुनाच चुकीचा पाठवलाय,” लवू म्हणाला. “दुसऱ्या कुठल्या बंदुकीचा असेल.”

“किंवा तुझी नळी आखूड आहे.”

“बाई!” तो चक्क दुखावला. “फोटोवरून काढलंय माप. बारा वर्षं चालतीये ही. सुभेदारांनी पास केलीये.”

सुभेदार म्हणजे भीमराज जगताप. फौजेतून निवृत्त झालेले, कांदिवलीला राहतात, आणि त्या सिरीजवर काय बरोबर, काय चूक हे बघायला त्यांना नेमलेलं. त्यांनी चोवीस रायफलींच्या यादीवर प्रत्येकीपुढे सही केली होती. एकही गोष्ट खोटी दिसली तर सगळा माल अंधेरीच्या एका मोठ्या दुकानातून आणायचा, असं ओजसने पहिल्याच दिवशी लवूला बजावलेलं होतं.

मी म्हटलं, “काढ तो फोटो.” त्याने कपाटातून जुनी वही काढली. बारा वर्षांपूर्वीचं कात्रण, बाजूला पेन्सिलीने आकडे. मी पट्टी लावली, गुणाकार केला, परत केला. वहीतला आकडा बरोबर होता. लवूच्या चेहऱ्यावर ‘बघा’ असं आलं. मग मी पट्टी मांडीवरच्या रायफलीला लावली. सात सेंटिमीटर कमी.

मागे नलिनी हेल्मेटला चिखल रंगवत होती. ब्रश न थांबवता म्हणाली, “अवो, तुमीच नाय काय कापलास चार बोटां? पेटयेत बसाक होये म्हणान?”

लवूने कपाळावर हात मारला.

वडिलांची गिरणीतली पत्र्याची पेटी होती. बारा वर्षांपूर्वी लवूकडे टेम्पो नव्हता. पेटी रिक्षात मागच्या सीटमागे टाकायची, वर्सोव्याच्या जेटीवर उतरायचं आणि बोटीने मढला, असा त्याचा रस्ता. पहिली कार्बाईन बनवली ती पेटीत मावेना. सकाळी सातला सेटवर हजर व्हायचं. लवूने हॅकसॉ घेतला आणि नळी टोकाकडून चार बोटं उडवली, नळीच्या तोंडावरची भोकाभोकांची टोपी परत चिकटवली, आणि गेला.

“तिरकी ठेवायची ना रे!” मला राहवेना. “कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, शाळेत शिकवतात!”

“तिरकी एकच मावते, बाई. मला पुढे सहा न्यायच्या होत्या.”



पुढची पाच त्याने पहिलीला समोर ठेवून केली. मग त्या सहांवरून पुढच्या. वही कपाटात राहिली, आणि मापाचा माणूस बारा वर्षं पेटीच्या मापाच्या रायफली बनवत बसला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. कारण कशाशी जुळवून बघायची वेळच आली नव्हती. आता संगीन आली आणि तिने नळी मोजली.

“मग त्यात काय एवढं?” मी म्हटलं. “खुंटी चार बोटं मागे घे.”

“मागे डाव्या हाताने धरायची जाळी सुरू होते. खुंटी जाळीच्या आत जाईल.”

“मग संगिनीची मूठ कापून आखूड कर.”

हे त्याच्याही मनात आलेलं दिसलं. एका दिवसात चोवीस मुठी कापून झाल्या असत्या, संगीन चपखल बसली असती आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता. त्याने एक कच्ची मूठ घेतली, चार बोटांवर खूण केली, सरळ कापली आणि माझ्या हातात दिली. “धरा.”

मी धरली. माझा हात काही पैलवानाचा नाही, तरी दोन बोटं बाहेर.

“बटाटे सोलायला बरी आहे,” मी म्हटलं.

नलिनी फिसकन हसली. लवू नाही हसला. त्याने तो तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला. हिरो ती म्यानातून उपसणार, मुठीत धरणार, सगळं कॅमेऱ्यासमोर. नाही चालणार.

उरला एकच मार्ग. नळ्या लांब करायच्या. आणि खरी गोची तिथेच होती. त्या सिरीजचे सहा भाग शूट होऊन गेलेले. सहाही भागांत हिरोच्या हातात आखूड नळी, आणि सातव्यात अचानक लांब? म्हणजे एक तर ओजसला सांगायचं, की आतापर्यंतचं सगळं चुकीचं होतं, किंवा लांब करून गप्प बसायचं आणि कुणी फोटो जुळवून बघणार नाही अशी आशा करायची. सांगितलं तर काम जाणार, आणि पंचवीस वर्षांत जे नाव झालं तेही. अंधेरीचं दुकान तर टपूनच बसलेलं.

“कोण बगतला?” नलिनी म्हणाली. “रंग असो चढवतंय, जोड दिसाचो नाय.”

“जोडाचं नाही गं,” लवू म्हणाला, आणि लेथ चालू केला.

मंगळवारी आणि बुधवारी मी तिथेच होते. कुलूप राहिलंच. एकच रायफल आधी नीट करून बघायची ठरली, हिरोची. लवूने सात सेंटिमीटरचा तुकडा कातला, त्याच्या एका टोकाला आटे पाडले, जुन्या नळीत आतून आटे पाडले आणि पिळून बसवला. वर टोपी. संगिनीचं कडं टोपीवर आता पोचलं, पण चढेना. टोपी केसाएवढी जास्त जाड. त्याने कानस लावली. मग चढलं, पण सैल. संगीन लावून हलवली की कुटकुट आवाज. दुसरी टोपी. तिसरी. मी वर्निअर धरून बसले होते आणि तो वर्निअरकडे न बघता अंगठ्याने बघत होता, आणि सांगायला वाईट वाटतं, पण अंगठा जास्त बरोबर होता. चौथ्या टोपीला कडं सरळ उतरलं, मूठ मागे गेली आणि खट्! असा कोरडा, स्वच्छ आवाज आला.

लवूने ती काढली. परत लावली. खट्. माझ्याकडे दिली. मीही तीन वेळा लावली. का कोण जाणे, पण पुन्हापुन्हा लावावंसं वाटतं.

गुरुवारी टेम्पोत मी पुढे बसले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण हे नाटक अर्धं सोडून घरी बसणं मला जमणारं नव्हतं. हिरोची लांब झालेली रायफल चादरीत गुंडाळून लवूच्या मांडीवर. बाकीच्या तेवीस मागे, आखूडच. तो सांगणार आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. माझ्या हिशेबाने तो विक्रमच.

बंगल्याच्या अंगणात वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. ओजस, तिशीचा, हाफ पॅन्ट, कानात काहीतरी खुपसलेलं. “काका! आणलं का? झकास!” म्हणून त्याने हात पुढे केला.

लवूने चादर सोडली नाही. “आधी ऐकून घे, ओजस. आतापर्यंतच्या सगळ्या चार बोटं आखूड होत्या. चूक माझी. ही एक बरोबर केलीये.” आणि पेटीपासून टोपीपर्यंत सगळं सांगून टाकलं. एका दमात, पाठ केलेल्या कवितेसारखं.

ओजसचा चेहरा उतरला. “वाट लागली,” म्हणून त्याने मोबाईल काढला, आधीच्या भागांचे फोटो मोठे करून बघितले, नवी रायफल शेजारी धरली. मग एकदम हसायला लागला. “अरे, काका, जीव घेतला ना माझा! मी सहा भाग एडिटला बघितलेत. मला नाही कळलं. पब्लिकला घंटा कळणारे? लोक हिरोचा चेहरा बघतात, यार. बंदूक कोण बघतं?”

म्हणजे काम वाचलं. लवूने हसायला हवं होतं. तो तिथेच उभा राहिला, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. मी शेजारी होते म्हणून सांगते. काम गेलं असतं तर त्याला इतकं लागलं नसतं.

सुभेदार गोण्यांवर बसून हे ऐकत होते. उंच, सडपातळ गृहस्थ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. उठून आले. एका हातात जुनी घेतली, एका हातात नवी. दोन्ही पुढे धरून तोलल्या.

“मी सही केली होती,” ते म्हणाले.

“साहेब, तुमची काय चूक—” लवू म्हणाला.

“ऐका ना. पहिल्याच दिवशी ही पुढून हलकी लागली होती हाताला. म्हटलं, खोटी आहे, म्हणून हलकी असेल. तिथेच पट्टी लावायला हवी होती. सव्वीस वर्षं काय केलं मग मी?” मग नवी फिरवून बघितली. “संगीन द्या.”

त्यांनी ती बघून लावली नाही. नजर समोर, डावा हात कमरेपासून वर, आणि खट्. मग पातं धरून जोरात हिसका दिला. हललं नाही. परत हिसका दिला.

“हं,” एवढंच म्हणाले.

मला राहवेना. “सुभेदार, आता गोळ्यांच्या काळात ही लागते तरी कधी?”

“बहुतेकांना लागत नाही, ताई. मलाही नाही लागली. पण लावता यायला हवी. लावली की माणूस पुढे बघतो. मागे बघत नाही.” आणि रायफल खाली घेत, “कार्बाईनला तसं तिचं ओझंच होतं म्हणा. पुढून जड होते.”

हिरोला काही ते जमेना. तो कड्याकडे बघत लावायला जायचा आणि कडं टोपीच्या बाजूला आपटायचं. सहा वेळा झालं. सातव्यांदा सुभेदार एका बाजूला आणि लवू दुसऱ्या बाजूला. एक म्हणतोय, “खाली बघू नका, शत्रू समोर आहे.” दुसरा म्हणतोय, “अंगठा कड्याच्या मागे ठेवा, साहेब, अंगठ्याला दिसतं.” आठव्याला बसली. ओजस ओरडला, “कट! क्या बात है!” मग आवाजवाला आला आणि म्हणाला, लाटांमुळे खटका नीट आला नाही, खोलीत जाऊन वेगळा घेऊ. लवूने बंद खोलीत, माईकसमोर, अकरा वेळा संगीन लावली. बाहेर सगळे श्वास रोखून. माझी शिंक मी कशी गिळली ते मलाच ठाऊक.

दुपारी पॅक-अप होताना ओजस म्हणाला, “काका, बाकीच्या तेवीस तशाच राहू देत. मागे उभे असलेल्यांच्या हातात आहेत, फोकसमध्येसुद्धा नाहीत. त्यांच्या संगिनी टेपने चिकटवू.”

“टेप?” लवू म्हणाला.

“कोणाला दिसणारे?”

“उद्या त्यांचा सीन नाही ना? मंगळवारी आहे. मंगळवारी आणतो. सगळ्या.”

“अरे पण गरज काय?”

“तुझ्यासाठी नाही करत,” लवू म्हणाला. जरा उद्धटच. मला आवडलं.

सुभेदारांनी खिशातून ती सह्यांची यादी काढली, पेन मागितलं, आणि चोवीसपैकी तेवीस सह्या एकेक करून, नीट रेघ मारून खोडल्या. “शनिवारी येतो तुमच्याकडे,” ते लवूला म्हणाले. “मुलुंडला. पट्टी घेऊन.”

“या की. चहा—”

“चहा नंतर.”

शनिवारी मला जायला जमलं नाही, दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दुपारी चारला लवूचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं त्याची भाची परीक्षा पास झाली.

“बाई, सुभेदार सकाळपासून इथेच आहेत. चार परत केल्या!”

“चार? का रे?”

“तीन पुढून हलक्या, म्हणतात. आत शिसं भरायला सांगितलंय. आणि एकीचं कडं ढिलं. केसाएवढं. मला नाही लागलं बोटाला, बाई. त्यांना लागलं. मी म्हटलं, कुठे ढिलं आहे, तर माझा हात धरून दाखवलं त्यांनी.” मागून नलिनीचा आवाज येत होता, जेवून घ्या म्हणून, आणि सुभेदारांचा, की अजून नऊ राहिल्यात.

“मग आता?”

“आता काय! टोपी परत कातायला घेतलीये. ठेवतो, लेथ चालू आहे.”